शपथ आणि भिंत : बाल्झाकच्या ‘ला ग्रांद ब्रतेश’ मधील सूड व नैतिक पेच

भयकथेतील भय अतिमानुष शक्तींमधून जन्मते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मनोवैज्ञानिक भयकथेत मात्र भयाचे अधिष्ठान मानवी मनातच असते. सूड हे या कथाप्रकाराचे एक महत्त्वाचे आशयसूत्र आहे. तथापि सूडाची प्रत्येक कथा भयकथा ठरत नाही. प्रतिपक्षाचा केवळ नाश करणारा सूड थरारक असतो. प्रतिपक्षाला त्याच्याच नाशाचे साधन बनविणारा सूड भीषण असतो. ओनोरे द बाल्झाक (१७९९-१८५०) या फ्रेंच कथाकाराची ‘ला ग्रांद ब्रतेश’ ही कथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१८३० च्या दशकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झालेली ही कथा बाल्झाकने पुढे आपल्या ‘मानवी सुखात्मिका’ या बृहद्प्रकल्पात समाविष्ट केली. ती व्हांदोम या गावात घडते. बाल्झाकचे शालेय शिक्षण याच गावी झाले होते. गावाबाहेर ल्वार या छोट्या नदीच्या काठी एक ओसाड वाडा आहे. मालकिणीने मृत्युपत्रात अशी अट घातली आहे, की आपल्या मृत्यूनंतर ५० वर्षे या वास्तूत कोणी पाऊल टाकू नये आणि तिची डागडुजीही करू नये. डॉक्टर बियाँशों हा निवेदक या अटीचे रहस्य शोधू लागतो. वकील रेन्यो, खाणावळीची मालकीण आणि वाड्यातील जुनी दासी रोझाली या तिघांकडून त्याला कथेचे तुकडे मिळत जातात. वकिलाला कायद्यापुरते ठाऊक आहे, मालकिणीला संशयापुरते. रोझालीने मात्र सारे डोळ्यांनी पाहिले आहे. चिरा चिरा काढीत एखादी भिंत उकलावी तसा हा निवेदनक्रम आहे. कथेच्या केंद्रस्थानी एक भिंतच असल्यामुळे हा क्रम आशयाशी एकरूप झाला आहे.

मूळ घटना एका रात्रीची आहे. काउंट द मेरे नेहमीपेक्षा उशिरा घरी परततो आणि पत्नीच्या खोलीत शिरताना तेथील कोठडीचे दार लागल्याचा आवाज ऐकतो. आत रोझाली असावी असे त्याला वाटते, तोच रोझाली बाहेरून येते. कोठडीत कोण आहे, या प्रश्नावर पत्नी ‘कोणी नाही’ असे उत्तर देते. दार उघडून आत कोणी न आढळल्यास आपले नाते संपले, असेही ती बजावते. यावर काउंट दार उघडत नाही. पत्नीच्या धर्मनिष्ठेवर आपला विश्वास आहे, असे सांगून तो तिला क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यावयास लावतो. ती शपथ घेते. त्यानंतर तो गवंडी बोलावतो आणि त्याच रात्री कोठडीचे दार भिंतीने बंद करवितो. आत मादामचा प्रियकर, फेरेदिया हा स्पॅनिश युद्धबंदी, जिवंत आहे. पुढील वीस दिवस काउंट त्या खोलीतून हलत नाही. आतून हालचाल ऐकू आली आणि पत्नी विनवू लागली, की तो तिला तिच्या शपथेचे स्मरण करून देतो.

येथील सूडाचे वैशिष्ट्य असे, की काउंट बाह्यतः कोणताही गुन्हा कबूल करीत नाही. आपण पत्नीच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच तो म्हणू शकतो. त्याच्या कृतीचे अक्षर नीतीचे आहे. आशय हत्येचा आहे. मादामपुढील पेच याच्या उलट आहे. सत्य सांगावे तर प्रियकराचे प्राण तत्काळ धोक्यात येतात. असत्य शपथ घ्यावी तर श्रद्धेला तडा जातो. ती दुसरा मार्ग पत्करते तो एक जीव वाचविण्यासाठीही. परंतु निवड करताना तिला निवडीच्या अटी ठाऊक नसतात. भिंतीचा विचार शपथेनंतर प्रकट होतो आणि रक्षणासाठी उच्चारलेला शब्द तिच्या डोळ्यांदेखत वधाचे हत्यार बनतो. ज्या निवडीचा अर्थ निवड झाल्यावर दुसराच कोणी ठरवितो, तिला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

या संदर्भात महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा आठवणे स्वाभाविक आहे. सत्यव्रती कौशिक दरोडेखोरांना पळालेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगतो आणि त्या माणसांच्या हत्येमुळे नरकात जातो. प्राणरक्षणासाठी असत्यही धर्म्य ठरते, असा कृष्णाचा उपदेश तेथे आहे. मादामने नेमके असेच असत्य उच्चारले; पण तिला त्याचे फळ मिळाले नाही. महाभारतात धर्मसंकटातून वाट दाखविणारा कोणी आहे. बाल्झाकच्या कथेत वाट दाखविणाऱ्याच्या जागी सूड घेणारा बसला आहे, आणि हेच या कथेतील भयाचे मर्म होय.

एडगर ॲलन पो याची १८४६ मधील ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ ही कथाही जिवंत माणसाला भिंतीआड चिणण्याचीच आहे. तेथे माँट्रेसोर हा सूड घेणारा स्वतःच निवेदक आहे आणि त्याचा बळी फसविला जातो; बळीपुढे कोणताही नैतिक पर्याय नसतो. त्यामुळे पोच्या कथेतील भय सूड घेणाऱ्याच्या मनात साठते, तर बाल्झाकच्या कथेत ते साक्षीदाराच्या मनात साठते. दोन्ही कथांत अर्धशतकाचा काळ यावा, हे लक्षणीय आहे. माँट्रेसोर आपले कृत्य ५० वर्षांनंतर सांगतो. मादाम ५० वर्षांचे मौन वास्तूवर लादते. एकाच्या लेखी तो काळ सूडाच्या निर्वेध यशाचे परिमाण आहे, दुसरीच्या लेखी प्रायश्चित्ताचे.

कथेतील गौण पात्रेही या पेचातून सुटत नाहीत. भिंत उभी राहत असताना दाराची काच फुटते आणि गवंडी, रोझाली व मादाम अशा तिघांना आतील माणसाचा चेहरा दिसतो. तरीही भिंत पुरी होते. गवंड्याचे मौन काउंटने पैशाने विकत घेतलेले असते. रोझालीची मालकिणीवरील निष्ठाही तिला मौनच शिकविते. सूड एकट्याने योजिला जातो, पण तो तडीस जाण्यास अनेकांची संमती लागते, हे सत्य बाल्झाक भाष्य न करता सूचित करतो.

वाड्याविषयी कुतूहल वाटणारा बियाँशों प्रथम तेथे भुताखेतांची कल्पना करतो. अखेरीस त्याच्या हाती लागते ते एका शपथेचे रहस्य. मादामचे मृत्युपत्र ही तिची एकमेव उरलेली निवड आहे : जे वाचविता आले नाही, त्याला निदान कोणी स्पर्श करू नये. पडझड होत जाणारा वाडा हा अशा रीतीने कबुलीजबाब ठरतो. तोंडाने उच्चारलेला शब्द ज्या स्त्रीवर उलटला, तिने आपले अखेरचे बोलणे दगडविटांच्या स्वाधीन केले, यातच या कथेची शोकात्मता सामावलेली आहे.