बंदुकीचं लोणचं

मे महिन्यातली दुपार, पुण्याजवळची एक उघडी रेंज आणि पायाखाली घोट्यापर्यंत फुफाटा. प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी पॉइंट टू टूच्या बोल्ट रायफलमधून ८० राउंड मारले. घरी येऊन मोठ्या मायेने ती पुसली आणि तेलाची कुपी बोल्टवर जवळजवळ उपडी केली. तेल झिरपलं की धूळ आपोआप वाहून जाईल, असं त्याचं शास्त्र होतं. रायफल कपाटात गेली आणि लेखक महाशय निवांत झोपले.

तीन आठवड्यांनी क्लबची स्पर्धा होती. झोपून मारायचे ६० शॉट. बाराव्या शॉटला ट्रिगर दाबला आणि आतून नुसतंच ‘टिक्’ ऐकू आलं. अशा वेळी बोल्ट घाईने मागे ओढायचा नसतो, कारण काडतुसातली दारू क्वचित उशिरा पेट घेते. नळीचं तोंड टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबायचं आणि हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. तेवढं मात्र लेखकाला पाठ होतं. बाहेर काढलेल्या काडतुसाच्या कडेवर पिनचा जेमतेम ओरखडा उमटला होता. पुढच्या काडतुसाचीही तीच तऱ्हा. स्पर्धा तिथेच आटोपली.

क्लबच्या प्रशिक्षक सरांनी बोल्ट उघडला. फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग काळ्या चिकट्यात बुडालेली. चिमूटभर चिकटा त्यांनी बोटांत चोळला, तसा तो करकरला. ‘‘रायफल साफ केलीस की लोणचं घातलंस?’’

टोमणा अचूक होता. पॉइंट टू टूमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आदळते आणि त्या कडेतलं स्फोटक पेटतं. त्यासाठी पिनला वेग लागतो. घट्ट झालेल्या तेलात ती चिखलातल्या बैलासारखी चालते. शिवाय त्या चिकट्यात नुसती माती नसते. काजळी असते, शिशाच्या गोळीवरचं मेण असतं आणि कित्येक काडतुसांच्या स्फोटकात घर्षणासाठी मिसळलेली काचेची पूडही असते. यात तेल पडलं की तयार होतो तो पॉलिश पेपरचा पातळ भाऊ. बोल्ट पुढे-मागे करताना आपणच पोलाद घासत बसतो.

मात्र तेल म्हणजे वैरी, असाही अर्थ काढू नये. अमेरिकन सैन्याने २००६-०७मध्ये आपल्या एम-४ कार्बाइनच्या धुळीतल्या चाचण्या घेतल्या, तेव्हा भरपूर वंगण असलेली शस्त्रं कमी अडतात असं दिसलं. स्वयंचलित शस्त्राचे भाग स्वतःच्या जोरावर सतत धावत असतात, त्यांची गरज वेगळी. तरीही २००७च्या शेवटी झालेल्या चाचणीत १० एम-४मधून ६०,००० राउंड झाडल्यावर ८८२ वेळा अडथळा आला. त्याआधी, २३ मार्च २००३ रोजी इराकमधल्या नासिरिया इथे ५०७व्या मेंटेनन्स कंपनीवर हल्ला झाला आणि ऐन चकमकीत अनेकांची शस्त्रं अडली. वाळवंटात जी निगा राखायला हवी ती राखली गेली नसावी, असं सैन्याच्याच अहवालाने नोंदवलं. व्हिएतनाममध्ये तर सुरुवातीला एम-१६ सफाईच्या साहित्याविनाच जवानांच्या हाती पडली होती. पुढे विल आइस्नर या चित्रकाराकडून चक्क कॉमिक काढून घेऊन सैन्याने जवानांना रायफल पुसायला शिकवलं.

आपल्या हातातली रायफल मात्र हाताने चालणारी, बोल्टची. लेखक आता जे करतो ते असं. आधी चेंबर रिकामा आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री. घरात काडतुसं वेगळ्या खोलीत. मग बोल्ट बाहेर काढून सुक्या फडक्याने वरची धूळ टिपायची. नळीत रॉड घालायचा तो चेंबरच्या बाजूने, गाइड लावून. तोंडाकडून रॉड दामटला की तोंडाची कड झिजते. नळीतून निघताना गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होत असल्याने नेम तिथे बिघडतो. ज्या रायफलींत मागून रॉड जातच नाही, त्यांना पुल-थ्रू. एनसीसीत गेलेल्यांना ही दोरी आणि तिच्यातली चिंधी आठवत असेल.

पहिली चिंधी सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली. पाच-दहा मिनिटं दम धरायचा, मग सुक्या चिंध्या, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत. गोळी जिथे नळीत शिरते तिथे काजळीचं कडं धरतं. ते हट्टी असतं, त्याला कांस्याचा ब्रश लागतो. काडतूस ओढणाऱ्या आकड्याच्या बेचक्यात जुना टूथब्रश आणि दातकोरणं पुरतं. बोल्टच्या आतली पिन कोरडी पुसायची, बाहेरच्या घासणाऱ्या भागांवर तेलाचं बोट. ट्रिगरच्या आत काहीही सोडायचं नाही, विशेषतः कुलपांवर आणि बिजागऱ्यांवर मारतो तो स्प्रे. तिथे बिघाड वाटला तर रायफल कारागिराकडे.

एक चूक सरांना दिसली नव्हती. हा सगळा उद्योग लेखक जेवणाच्या टेबलावर करत असे आणि धूळ फुंकून उडवत असे. त्या धुळीत शिसं असतं, ते श्वासातून आणि बोटांवरून पोटात जातं, आणि मुलांना सगळ्यात जास्त बाधतं. आता सफाई गच्चीत, हातमोजे घालून होते. खाली पसरलेले कागद ओल्या फडक्याने गोळा करून टाकले जातात, आणि साबण-पाण्याने हात धुतल्याशिवाय चहाचा कपही मिळत नाही. हा शेवटचा नियम बायकोचा.

साफ केलेली नळी लगेच एका जागी मारत नाही, हेही त्याला उशिरा कळलं. पहिले पाच-दहा शॉट इकडेतिकडे जातात, मग गट जमतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळीला हात लावायचा नाही. सफाई दोन दिवस आधी, आणि मधल्या सरावात ते भरकटणारे शॉट उडवून टाकायचे. तेलाची ती जुनी कुपी सध्या शिवणयंत्राच्या खणात आहे.