सातासमुद्रापलीकडे

दहावीचा निकाल लागला की वसई, नालासोपारा, विरार येथील घराघरांत एकच विषय निघतो. पुढे काय शिकायचे? कोणत्या कॉलेजात नाव घालायचे? अशा वेळी एखादी मुलगी म्हणते, "मला दूर देशी जाऊन लोकांची सेवा करायची आहे." सेवा म्हणजे ज्याला आपण घरी खिदमत म्हणतो तीच. मग घरातील मोठी माणसे विचारतात, "अगं, आणि शिक्षणाचे काय?"

त्यांचा प्रश्न खरा आहे. सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरांनाही तो पडला होता.

त्यांचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. त्याहून वरची पदवी घ्यावी म्हणून त्यांची तयारी चालू होती.

१९३७ साली जपानने चीनवर हल्ला केला. जखमी सैनिकांची संख्या वाढत गेली आणि डॉक्टर पुरेनात. चीनचे सेनापती झू दे यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे मदत मागितली. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. तरीही काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना हाक दिली. पैसे जमले, औषधे जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस होते. कोटणीसांनी घरच्यांची परवानगी घेतली. पदवीचा अभ्यास बाजूला ठेवला. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये असताना वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. घरी परतले असते तर कोणी नाव ठेवले नसते. पण ते थांबले. पथकातील इतर डॉक्टर पुढे एकेक करून मायदेशी परतले.

काम सोपे नव्हते. डोंगराळ मुलूख, कडाक्याची थंडी, औषधांची टंचाई. १९४० मधील एका लढाईच्या वेळी तर त्यांनी बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात.

कॉलेज सुटले, पण शिकणे सुटले नाही. रोग्याचे दुखणे समजायचे तर त्याची भाषा यायला हवी. म्हणून कोटणीस चिनी भाषा बोलायला, लिहायला शिकले. तुम्ही उर्दूतून शिकता आणि मराठीही शिकता, म्हणून नव्या भाषेसाठी किती कष्ट पडतात हे तुम्हांला सांगायला नको. चिनी लिपी तर फारच अवघड! १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे डॉक्टर. तेही चीनमध्ये सेवा करतानाच वारले होते. तेथील वैद्यकीय शाळेत कोटणीस विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्यांच्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे लिहायला घेतले. मुंबईत स्वतः वरच्या वर्गात बसायचे राहून गेले; चीनमध्ये मात्र त्यांच्यामुळे एक वर्ग चालू राहिला.

तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्याने, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस वारले. दुसरे पुस्तक अपुरेच राहिले. उर्दूचे नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांची कथा पुस्तकरूपाने लिहिली. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. कोटणीसांनी एक पदवी सोडली हे खरे. पण डॉक्टरीची पहिली पदवी त्यांच्या हातात होती. ती नसती, तर जखमी सैनिकाच्या उशाशी बसून ते फक्त हळहळले असते. म्हणून आधी हाताला एखादे काम यावे, असे आम्हांला वाटते. ते नर्सिंगचे असो, शिकवण्याचे असो की पाण्याचे नळ जोडण्याचे. परदेशी सेवेला माणसे पाठवणाऱ्या संस्थाही बहुधा हेच विचारतात : तुम्हांला काय येते? वर्षाच्या मध्येच कॉलेज सोडून गेले तर हजेरी बुडते आणि परीक्षाही हुकते. त्यापेक्षा एक टप्पा पुरा करून जावे. परत आल्यावर पुढचा टप्पा घेता येतो.

आणि तोवर? भारतात १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात कॉलेजचे विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करतात. झाडे लावतात, रक्तदान शिबिरे भरवतात, सुट्टीत सात दिवस एखाद्या गावात राहतात. वर्गही बुडत नाही. अशा शिबिरातच आपल्याला कळते की, घरापासून दूर राहून, मिळेल ते खाऊन, अनोळखी माणसांसाठी राबणे आपल्याला जमते की नाही.

शब्दार्थ : पारतंत्र्य – गुलामी, पथक – तुकडी, टंचाई – कमतरता, अपस्मार – फेफरे, हळहळणे – वाईट वाटणे.

स्वाध्याय
१. कोटणीस चिनी भाषा का शिकले?
२. 'मुंबईत वरच्या वर्गात बसायचे राहून गेले,' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. वडील वारल्यावर कोटणीसांनी परत यायला हवे होते का? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.