सातत्यपूर्ण मूल्यमापन : वर्गातील व्यवहार

वर्षभराच्या अभ्यासाचा निवाडा तीन तासांच्या एका पेपरावर सोपवावा काय, हा प्रश्न जुना आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) एक तृतीयांश गुण वर्गातील कामासाठी राखावेत, असे सुचविले होते. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांक व सत्र पद्धती स्वीकारताना सत्रान्त परीक्षेस ६० व अंतर्गत कामास ४० गुण ठेवले. पुढे हे प्रमाण बदलत गेले.

धोरण कागदावर सोपे असते. वाणिज्य शाखेच्या १२० विद्यार्थ्यांच्या तुकडीची सत्रात तीन वेळा चाचणी घ्यावयाची म्हटल्यास ३६० उत्तरपत्रिका होतात. प्रत्येकीस पाच मिनिटे दिली, तरी एका विषयापुरते तीस तास लागतात. मग सर्वांना सरसकट भरघोस गुण देण्याचा मोह होतो आणि मूल्यमापनाचा अर्थच उरत नाही.

त्यावर अनुभवी प्राध्यापक काही साधे उपाय योजतात. घटक संपताच वीस मिनिटांची, दोनच प्रश्नांची चाचणी. गुण कशास मिळणार हे आधीच फळ्यावर. आणि आठवड्याच्या आत उत्तरपत्रिका परत. हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा, आणि तोच बहुधा गाळला जातो! ‘उदाहरण बरोबर, कारण अपुरे’ एवढा शेरा विद्यार्थ्यास नुसत्या आकड्याहून अधिक शिकवितो. गृहपाठ एकमेकांचे पाहून उतरविले जातात, ही तक्रार खरी आहे. म्हणून निबंधाबरोबर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेतल्यास लेखन कोणाचे, हे सहज कळते. पक्षपाताचा संशय टाळण्यासाठी काही उत्तरपत्रिका दुसऱ्या सहकाऱ्याने तपासाव्यात व गुण अंतिम होण्यापूर्वी विद्यार्थ्यांस दाखवावेत.

ठाणे-बेलापूर पट्टीतील पावणे येथील औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करून शिकणाऱ्या मुलाचा विचार येथे करावयास हवा. अंतिम परीक्षेसाठी तो आधीपासून रजा मागू शकतो. अचानक जाहीर झालेल्या चाचणीसाठी मात्र मुकादम त्यास सोडील, याची खात्री नाही. हजेरीलाच गुण ठेवले, तर त्याची गरिबीच वजा होते. अशा वर्गासाठी चाचण्यांच्या तारखा सत्रारंभीच सूचना फलकावर लावाव्यात, तीनपैकी उत्तम दोन चाचण्यांचे गुण धरावेत आणि पाळी बदलल्याने हुकलेली चाचणी पुढील आठवड्यात, निराळ्या प्रश्नांसह, पुन्हा घ्यावी.