घटक ६ : नियमाची भाषा : ‘मानीव परवानगी’ आणि परंतुक

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• विनंती, प्रमाणन आणि नियम यांतील क्रियापदांच्या रूपांचा फरक सांगता येईल.
• ‘मानीव’ या पारिभाषिक शब्दाची घडण व अर्थ स्पष्ट करता येईल.
• नियमातील परंतुक ओळखून त्याचा मूळ नियमाशी असलेला संबंध मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रशासकीय मराठी क्लिष्ट असते, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती पुष्कळ अंशी खरी आहे. परंतु क्लिष्ट म्हणून जे वाक्य आपण अर्ध्यावर सोडतो, त्याच्या उत्तरार्धातच अनेकदा आपले हित किंवा अहित दडलेले असते. हे समजून घेण्यासाठी येथे लहान भूखंडावरील घरबांधणीचे नियम उदाहरणादाखल घेतले आहेत. घर बांधण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येतो आणि त्यात बहुधा सारी पुंजी गुंतलेली असते. म्हणून या नियमांचे वाचन हा केवळ भाषेचा अभ्यास राहत नाही.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ नियमांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बांधकाम परवानगीचा मूळ आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. या अधिनियमात ‘विकास’ हा शब्द प्रगती या रूढ अर्थाने येत नाही. इमारत बांधणे, जमिनीच्या वापरात बदल करणे, जमिनीची विभागणी करणे या कृतींना तेथे ‘विकास’ म्हटले आहे. अशा विकासासाठी कलम ४४ अन्वये नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो आणि कलम ४५ अन्वये प्राधिकरण त्यावर निर्णय देते. शहरात नियोजन प्राधिकरण म्हणजे सामान्यतः महानगरपालिका किंवा नगरपरिषद.

आपल्या तालुक्याच्या गावी पाहा. एकमजली बंगला आणि उंच इमारत यांच्या मधली घरे तेथे मोठ्या संख्येने दिसतात : दोन भावांचे दुमजली घर, भिंतीला भिंत लागून असलेली रो हाऊस, चार बिऱ्हाडांची लहान इमारत. थोड्या जागेत अधिक कुटुंबांना सामावून घेणारी ही घरे होत. मोठ्या संकुलाइतकीच लांब प्रक्रिया त्यांच्याही वाट्याला आली, तर विलंब होतो आणि परवानगीवाचून बांधण्याचा मोह वाढतो.

३ डिसेंबर २०२० पासून अंमलात आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने यावर एक उपाय योजला. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता ही नियमावली राज्यभर लागू आहे. तिने बांधकामांची जोखमीनुसार वर्गवारी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर, विहित नकाशे व कागदपत्रे सादर करून शुल्क भरले की नेहमीच्या छाननीची वाट न पाहता काम सुरू करता येते. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे.

६.२.२ ‘मिळावी’ आणि ‘करतो’

जुन्या धर्तीच्या अर्जाचा शेवट ‘परवानगी मिळावी, ही विनंती’ असा होतो. ‘मिळावी’ हे विध्यर्थी रूप आहे. त्यातून अर्जदाराची इच्छा व्यक्त होते; निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो. जलद प्रक्रियेत मात्र वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता ‘हा नकाशा नियमानुसार आहे, असे मी प्रमाणित करतो’ अशा आशयाचे विधान करतो. ‘करतो’ हे स्वार्थी रूप आहे. येथे विनंती नाही, विधान आहे आणि विधान करणाऱ्यावर त्याच्या खरेपणाचे दायित्व येते.

या प्रक्रियेचे मर्म क्रियापदाच्या या बदलात आहे. प्रक्रिया सोपी झाली, म्हणजे नियम सैल झाले असे नाही. सामासिक अंतरे, चटईक्षेत्र निर्देशांक, इमारतीची उंची यांच्या मर्यादा कायम आहेत. पूर्वी त्या तपासण्याचा भार आधी कार्यालयावर होता. आता तो प्रथम मालक व त्याचा तज्ज्ञ यांच्यावर आला आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र हा नियम ‘दीड हजार फुटांपर्यंत परवानगी लागत नाही’ एवढाच उरतो. अट गळून पडते आणि सवलत तेवढी लक्षात राहते.

६.२.३ ‘मानीव’ची घडण

कोरलेले ते कोरीव, आखलेले ते आखीव. त्याचप्रमाणे मानलेले ते मानीव. ‘मान’ या धातूला ‘-ईव’ प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. कलम ४५ च्या पोटकलम (५) चा आशय असा : अर्ज मिळाल्यापासून, किंवा प्राधिकरणाने मागविलेल्या माहितीचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल त्यापासून साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर परवानगी देण्यात आल्याचे मानण्यात येईल. हीच मानीव परवानगी.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, ‘मानण्यात येईल’ या रचनेत कर्ता नाही. परवानगी कोणीही दिलेली नाही. कायद्याने ती दिल्यासारखी धरली आहे. दोन, ‘जे नंतरचे असेल’ या तीन शब्दांमुळे कार्यालयाने शंका विचारल्यास साठ दिवसांची गणना उत्तराच्या दिनांकापासून नव्याने सुरू होते.

६.२.४ परंतुक

‘परंतु’ने आरंभ होणाऱ्या, मूळ नियमाला मर्यादा घालणाऱ्या वाक्यास परंतुक म्हणतात. मानीव परवानगीच्या परंतुकांचा आशय असा की, प्रस्ताव विकास योजना व विकास नियंत्रण नियमांशी काटेकोरपणे सुसंगत असला पाहिजे. त्यांचे उल्लंघन करणारे बांधकाम अनधिकृत समजले जाईल आणि त्यावर त्यानुसार कारवाई होईल.

समजा, दोन भावांनी १४० चौरस मीटरच्या भूखंडावर दुमजली घराचा अर्ज केला. साठ दिवस उत्तर आले नाही. पोटकलमाचा पूर्वार्ध वाचून त्यांनी काम सुरू केले. पण नकाशातील जिना बाजूच्या सामासिक अंतरात येत होता. येथे कार्यालयाचे मौन त्यांच्या कामी येत नाही. मौनातून परवानगी मानता येते. नियमभंगास संमती मानता येत नाही. पूर्वार्धाने जे ‘मानीव’ ठरविले, तेच परंतुक ‘अनधिकृत’ ठरविते.

६.३ सारांश

जलद परवानगीच्या नियमांत सवलत मुख्य वाक्यात असते आणि तिची किंमत अटीत व परंतुकात सांगितलेली असते. विध्यर्थाची जागा स्वार्थाने घेतली, की दायित्व बोलणाऱ्याकडे येते. म्हणून नियम वाचताना कर्ता कोण, मुदत कोठून मोजावयाची आणि ‘परंतु’नंतर काय येते, हे तीन प्रश्न विचारावेत. नियमावलीत वेळोवेळी सुधारणा होत असल्याने प्रत्यक्ष कामापूर्वी अद्ययावत पाठ पाहणे अगत्याचे आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

सामासिक अंतर : इमारत व भूखंडाची हद्द यांमध्ये मोकळी सोडावयाची जागा.
चटईक्षेत्र निर्देशांक : एकूण बांधकामक्षेत्राचे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण.
परंतुक : मूळ तरतुदीस मर्यादा किंवा अपवाद घालणारे वाक्य.

६.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘-ईव’ प्रत्यय लागून झालेले चार शब्द लिहून त्यांचा विग्रह करा.
२. ‘परवानगी दिली’ आणि ‘परवानगी दिल्याचे मानण्यात येईल’ या वाक्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची एखादी जाहीर सूचना मिळवा. तिच्यातील अट अधोरेखित करून, ती न गाळता, सूचनेचा आशय शेजाऱ्याला समजेल अशा पाच वाक्यांत लिहा.