मशेरी सुटते, पण आधी मेंदू भांडतो

दाढदुखीवर औषध म्हणून सासूबाईंनी मशेरीची डबी माझ्या हातात दिली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची. दाढ पुढे काढून टाकली, मशेरी मात्र राहिली. सकाळी, जेवल्यावर, धुणं धुवायला बसण्याआधी. लावली की तरतरी यायची, नाही लावली की डोकं उठायचं आणि मुलांवर हात उगारला जायचा.

पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो कर्करोगाकडे वळू शकतो हे स्पष्ट सांगितलं, आणि डोक्यात काय घडतं तेही समजावलं. तंबाखूतलं निकोटीन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन ज्या जागांवर बसून पेशींना निरोप देतं, त्याच जागा ते बळकावतं. डोपामिन सुटतं, बरं वाटतं. ॲड्रिनॅलिन वाढून नाडी पळते, रक्तदाब चढतो. रोजच्या माऱ्याने मेंदूत अशा जागा वाढत जातात. रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं, त्या जागा रिकाम्या पडू लागतात आणि तलफ येते. मला वाटायचं मशेरी माझी चिडचिड घालवते. ती चिडचिड मशेरीनेच लावलेली होती.

म्हणून बायांनो, सोडताना जीव कासावीस झाला तर स्वतःला कमजोर समजू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त होतो, २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. घरात आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या तिरसटपणाचा कुणी राग धरणार नाही. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात उठून दुसऱ्या कामाला लागा.

मशेरीवाचून पोट साफ होणार नाही, ही भीती आपल्यात फार आहे. ती अगदीच खोटी नाही, कारण निकोटीन आतड्यांनाही चाळवतं. काही दिवस पोट कुंथतं. उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि रोजचं चालणं एवढ्यावर माझं पोट रुळावर आलं.

तलफ आवरतच नसेल, तर मशेरीऐवजी निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. ते सारखं चघळायचं नसतं. तोंडात चरचरलं की गालात धरून ठेवायचं, चरचर गेली की पुन्हा हळू चावायचं. चहानंतर १५ मिनिटं थांबा, नाहीतर ते नीट लागू पडत नाही. पोटुशी लेकसून असेल तर तिला मशेरी अजिबात देऊ नका. बाळ कमी वजनाचं जन्मतं.

बोलायला कुणी नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि तोंडातला चट्टा किंवा जखम २ आठवड्यांत बरी झाली नाही, तर दुखत नसली तरी दाखवून घ्या. माझा चट्टाही दुखत नव्हता.