डॉ. सुसान ओफोरी-अट्टा

आजच्या घाना देशास पूर्वीं गोल्ड कोस्ट म्हणत. तेथील अक्येम अबुआक्वा राज्याचे अधिपति नाना ओफोरी अट्टा पहिले यांची कन्या सुसान हिचा जन्म १९१७ सालचा. अचिमोटा विद्यालयांतील शिक्षणानंतर या राजकन्येनें अक्रा येथील कोर्ले बू रुग्णालयांत सुइणीचें शिक्षण घेतलें व १९३५ मध्यें तें पुरें केलें. तेथेंच थांबती तरी कोणी नांव ठेवितें ना. परंतु ती स्कॉटलंडला गेली आणि १९४७ सालीं एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकाची पदवी तिनें मिळविली. गोल्ड कोस्टच्या कन्यांपैकीं डॉक्टर होणारी ही पहिली.

अक्रा येथें मुलांवर उपचार करितां करितां लोक तिला ‘म्मोफ्रा डॉक्टर’, म्हणजे मुलांची डॉक्टर, म्हणूं लागले. त्या प्रदेशांत क्वाशिओर्कोर नांवाच्या रोगानें पुष्कळ मुलें दगावत. दुसरें मूल झालें कीं पहिल्याचें दूध तुटतें, पुढच्या अन्नांत प्रथिनें पुरेशीं नसतात, आणि अंगावर सूज चढते. वाचकहो, अशा रोगावर नुसती औषधाची बाटली काय करणार? प्रश्न घरांतील अन्नाचा, म्हणजेच आईच्या हातीं काय आहे याचा.

१९६९ मध्यें नव्या राज्यघटनेसाठीं बसलेल्या संविधान सभेंत डॉक्टरबाई सभासद होत्या. अकान लोकांत वारसा आईच्या कुळांतून चाले. पुरुष मृत्युपत्राविना वारला, तर त्याची मालमत्ता बहुधा त्याच्या मातृकुळाकडे जाई आणि विधवा व मुलें रिकाम्या हातीं राहत. त्यांस वांटा देणारा कायदा १९८५ मध्यें झाला. त्याच वर्षीं डॉक्टरबाई निवर्तल्या.