हत्तीची सोंड आणि यंत्राचा हात

गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. पूर्वी जंगलातील लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी हत्तींचा उपयोग होत असे. ज्या सोंडेने हत्ती ओंडका उचलतो, त्याच सोंडेने तो भुईमुगाची शेंगही अलगद उचलतो. हे त्याला कसे जमते?

सोंडेत एकही हाड नसते. ती हजारो स्नायूंची बनलेली असते, म्हणून हवी तशी वळते. आपल्या देशातील हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक भाग असतो. तेथे बारीकसा स्पर्शही कळतो. हत्ती श्वास आत ओढून मक्याची पातळ, कुरकुरीत चकतीसुद्धा न मोडता उचलतो, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले.

कारखान्यातील यंत्रमानवाचा हात बहुधा कडक धातूचा असतो. एकाच मापाच्या वस्तू उचलणे त्याला सोपे जाते. पण पिकलेला टोमॅटो? कमी दाबला तर निसटतो, जास्त दाबला तर फुटतो. असा हात जवळच्या कामगाराला लागला, तर इजाही होते.

म्हणून संशोधक निसर्गाकडे वळले. २०१० साली जर्मनीतील फेस्टो या कंपनीने सोंडेसारखा हात तयार केला. त्यात प्लॅस्टिकचे लवचीक भाते आहेत. एका बाजूच्या भात्यांत हवा भरली, की ते लांबतात आणि हात दुसऱ्या बाजूला वाकतो. त्याच्या बोटांची कल्पना माशाच्या शेपटीवरून सुचली. शेपटीचा पर बाजूने दाबला, तर तो दाबणाऱ्या बोटाकडेच वळतो. तशीच ही बोटे वस्तूला बिलगतात.

पण हात नुसता मऊ असून भागत नाही. त्याला स्पर्श कळला पाहिजे. त्यासाठी काही मऊ बोटांत वीज वाहून नेणारी पातळ पट्टी बसवतात. बोट वाकले, की पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. संगणक तो बदल ओळखतो व दाब वेळीच थांबवतो.

मऊ हाताला जड ओझे मात्र सहज पेलत नाही. शक्ती आणि हळुवारपणा एकत्र आणण्यात हत्ती अजून पुढेच आहे.

मुलांनो, उन्हाळ्यात आपल्या भागात पहाटे मोहफुले वेचतात. तुम्ही फूल उचलाल, तेव्हा आपल्या बोटांकडे लक्ष द्या. किती दाबायचे, हे त्यांना कसे कळते?

शब्दार्थ
ओंडका – झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा
भाता – हवा भरताच फुगणारी पिशवी
बिलगणे – घट्ट चिकटणे
विद्युतरोध – विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा

स्वाध्याय
१. सोंड हवी तशी का वळते?
२. धातूच्या हाताने टोमॅटो उचलणे कठीण का आहे?
३. मऊ बोटाला स्पर्श कसा कळतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.